नाताळच्या झाडाचे वय किती?

मूळ लेख : दप्तरदार

डिसेंबर उजाडला की दरवर्षी एक मजकूर मराठीतही फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो की ख्रिसमसचे झाड मुळात ख्रिस्ती नाही, ते हजारो वर्षांपूर्वीच्या निसर्गपूजकांचे आहे, रोमन लोक सॅटर्नेलियाच्या सणात आणि उत्तर युरोपातले लोक यूलच्या सणात ते सजवत असत, आणि चर्चने पुढे ते आपलेसे केले. हा मजकूर पाठवणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत व त्यांचा हेतू वाईट नाही, परंतु हे विधान पुराव्यावर टिकत नाही असे माझे मत आहे. घरात आणलेले, सजवलेले आणि नाताळशीच बांधलेले सूचिपर्णी झाड ही सोळाव्या शतकातल्या ऱ्हाइनकाठच्या जर्मनभाषक शहरांची निर्मिती आहे, आणि ते जगभर पोहोचले ते एकोणिसाव्या शतकात.

पुरावा कसला, तर हिशेबाच्या वह्यांचा. अल्सासमधले सेलेस्टा हे नगर आज फ्रान्समध्ये आहे, त्या काळी ते पवित्र रोमन साम्राज्यात होते. तिथल्या जमाखर्चात १५२१ सालची एक नोंद आहे : संत थॉमसच्या दिवशी, म्हणजे २१ डिसेंबरला, झाडांवर पहारा ठेवण्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग दिले. पहारा बसवावा लागला याचा अर्थ लोक जंगलातून झाडे तोडून नेत होते, आणि नेणारे एक-दोघेच असते तर नगराने त्यासाठी पैसे मोजले नसते. त्याच प्रदेशातल्या १५६१ च्या वननियमात कोणाही नागरिकाने नाताळासाठी एकापेक्षा जास्त आणि आठ पावलांपेक्षा लांब झाड तोडू नये असे सांगितले आहे. ब्रेमेनमधल्या एका कारागीर संघाच्या १५७० च्या नोंदीत सफरचंदे, अक्रोड, बिस्किटे आणि कागदी फुले लावलेल्या लहान झाडाचा उल्लेख येतो, व ते संघाच्या सदस्यांच्या मुलांसाठी होते हेही त्यात येते. १६०५ मध्ये एका अनामिक प्रवाशाने लिहून ठेवले की स्ट्रासबुर्गमध्ये लोक नाताळात दिवाणखान्यात फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ चकत्या, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगतात.

यातली सफरचंदे आणि चकत्या यांच्याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. मध्ययुगीन दिनदर्शिकेत २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस होता. त्या सुमारास होणाऱ्या धार्मिक नाटकांत नंदनवन दाखवायचे तर मंचावर एक झाड हवे, आणि जर्मनीत ऐन थंडीत पाने असलेले झाड म्हणजे फरच. त्यावर निषिद्ध फळ म्हणून सफरचंदे बांधत. पुढे त्याच झाडावर ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीची आठवण देणाऱ्या चकत्या आल्या, म्हणजे पतन आणि तारण ही दोन्ही एकाच फांदीवर आली. हे झाड ख्रिस्ती कथेच्या आतूनच वाढले आहे असे म्हणायला मला यापेक्षा सबळ आधार दुसरा दिसत नाही.

झाडाला जोडलेल्या दोन लोकप्रिय कथा मात्र ख्रिस्ती बाजूनेही सोडून द्यायला हव्यात. पहिली संत बोनिफेस यांची. त्यांनी आठव्या शतकात, ७२३ च्या आसपास, गाइसमार येथे डोनार देवाचा पवित्र ओक तोडला, ही घटना विलिबाल्ड यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. त्या चरित्रात ओकच्या लाकडातून संत पीटर यांच्या नावाने प्रार्थनामंदिर बांधले असे येते. तिथे उगवलेला फरचा कोंब ही फार नंतरची भर आहे. दुसरी कथा प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रणेते मार्टिन लूथर यांची : चांदण्यांनी लखलखणारे जंगल पाहून त्यांनी घरी झाडावर मेणबत्त्या लावल्या. लूथर १५४६ मध्ये वारले आणि त्यांच्या घरच्या झाडाचे प्रसिद्ध चित्र १८४३ चे आहे. जवळपास तीनशे वर्षांचे हे अंतर मला पुरेसे बोलके वाटते.

मतभेद असणाऱ्यांनी अवश्य लिहावे. कोणत्या पुराव्याने माझे मत बदलेल हेही सांगतो : सोळाव्या शतकापूर्वी हिवाळ्यातल्या सणासाठी घरात झाड आणून सजवल्याचा एक समकालीन उल्लेख मला पुरेल.

प्रतिसाद : सदाहरित

लेख अभ्यासपूर्ण आहे, तरीही त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. हिशेबाच्या वहीत रिवाज जन्माला येत नाही. तो खर्चाचा विषय होतो तेव्हा पहिल्यांदा वहीत येतो. १५२१ ची नोंद ही झाडाची जन्मतारीख नसून झाडाच्या चोरीची पहिली तक्रार आहे, आणि तक्रार होण्याइतका रिवाज पसरायला किती पिढ्या गेल्या असतील याचे उत्तर त्या नोंदीत नाही.

शिवाय त्या नोंदीतला शब्द पाहावा. तिथे 'ख्रिसमसचे झाड' असे लिहिलेले नाही. तिथे 'मायेन' असा शब्द आहे, आणि तो मे महिन्यात वसंताच्या स्वागतासाठी आणायच्या हिरव्या डहाळ्यांचा शब्द आहे. म्हणजे नोंद करणाऱ्या कारकुनाला डिसेंबरातले झाड हे मे महिन्यातल्या हिरवाईचेच भावंड वाटत होते. ज्या समाजात वसंतात झाड रोवून त्याभोवती नाचण्याची प्रथा आहे, त्याच समाजात हिवाळ्यातही झाड आणले जाते आणि दोन्हींना एकच नाव आहे, तर त्याचा उगम केवळ आदाम-हव्वेच्या नाटकात शोधणे मला अपुरे वाटते.

याहून महत्त्वाचा उल्लेख सेबास्टियान ब्रान्ट यांचा आहे. मूळचे स्ट्रासबुर्गचे असलेल्या या लेखकाने १४९४ मध्ये बाझेल येथे छापलेल्या उपहासकाव्यात नववर्षाच्या समजुतींवर टीका केली आहे. जो घरात फरच्या हिरव्या डहाळ्या खोचत नाही त्याला आपण वर्ष काढणार नाही असे वाटते, असा त्या ओळींचा भाव आहे. यात येशूजन्माचा किंवा नंदनवनाचा काही संबंध नाही. ही आयुष्य टिकावे म्हणून केलेली कृती आहे. सगळी झाडे वठलेली दिसत असताना जे हिरवे राहते ते घरात आणावे, म्हणजे त्याचे टिकणे आपल्यालाही लागते, ही भावना ख्रिस्ती धर्मापेक्षा फार जुनी आहे. सुमारे इ. स. २०० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियान आपल्याच धर्मबांधवांना रागावत होते, कारण ते इतरांच्या सणाला दारावर लॉरेलची पाने आणि दिवे लावत होते. पाने आणि दिवे ही जोडी आपल्याला ओळखीची वाटत नाही का?

आपण विचारलेला सोळाव्या शतकापूर्वीचा उल्लेख मी ब्रान्ट यांच्या रूपाने दिलेला आहे.

उपप्रतिसाद : दप्तरदार

'मायेन' या शब्दाकडे मी लेखात दुर्लक्ष केले हे खरे आहे आणि ते नोंदवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. तो शब्द माझ्या मांडणीला अडचणीचा आहे हेही मान्य करतो.

ब्रान्ट यांच्याबाबत मात्र मी थांबेन. डहाळ्या खोचणे आणि झाड उभे करून सजवणे या दोन कृती एकमेकींच्या शेजारच्या आहेत, एकच नव्हेत. आणि तेर्तुल्लियान यांच्यापासून ब्रान्ट यांच्यापर्यंत जवळजवळ तेराशे वर्षांचे अंतर आहे. एक माणूस उत्तर आफ्रिकेत लॉरेलविषयी बोलतो आहे, दुसरा ऱ्हाइनकाठी फरविषयी. हिरवी पाने सगळीकडेच लावली जातात, पण दोन ठिकाणच्या पानांत नाते सांगायचे तर मधल्या पिढ्यांतले दुवे हाती असावे लागतात. सखोल नाते सांगण्याचा हा उत्साह कोठून आला तेही पाहायला हवे. याकोब ग्रिम यांचा जर्मन पुराणकथांवरचा ग्रंथ १८३५ चा आहे, आणि त्यानंतरच्या पिढीतल्या अनेक अभ्यासकांना शेतकऱ्याच्या प्रत्येक चालीरीतीत वोदान आणि डोनार हे जुने जर्मन देव दिसू लागले. आज फिरणारा मजकूर हा त्या काळच्या राष्ट्रभावनेचा उतारा आहे.

आपल्याकडचे उदाहरण देतो. गणपतीची उपासना प्राचीन आहे यात वाद नाही. पण मांडव, वर्गणी, व्याख्याने, मेळे आणि मिरवणूक असलेला सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकात आकाराला आला. त्याचे वय विचारले तर आपण पुराणकाळ सांगत नाही.

उपप्रतिसाद : सदाहरित

हेच उदाहरण मी माझ्या बाजूने वापरीन. सार्वजनिक उत्सवाचे दशक सांगणारा कोणीही घरातल्या मूर्तीशी त्याचे नाते तोडत नाही. उलट, आधीची भक्ती घरोघरी होती म्हणूनच नवे रूप इतक्या लवकर धरले गेले. तसेच, फरच्या डहाळ्या घरात आणण्याची सवय आधीपासून होती म्हणूनच सेलेस्टाच्या लोकांना सबंध झाड आणणे परके वाटले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. रोमन लोक ख्रिसमसचे झाड सजवत होते असा दावा मी करत नाही, आणि तो मजकूर मीही पुढे पाठवत नाही.

प्रतिसाद : वसईची लेक

दोन्ही बाजू वाचताना एक गोष्ट सतत खटकत होती. 'ख्रिस्ती लोकांचे झाड' असे आपण दोघेही म्हणता आहात, पण ते सर्व ख्रिस्ती लोकांचे कधीच नव्हते. आमच्या वसईत माझ्या आजीच्या लहानपणी नाताळ म्हणजे गोठा. भाताचा पेंढा, बांबूच्या कामट्या, चिकणमातीचे डोंगर, ताटलीत रुजवलेले हिरवे अंकुर, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच गव्हाणीत ठेवायचा बाळ येशू. झाडाचे नाव आजीच्या बोलण्यात येत नसे. तिच्या दृष्टीने झाड ही मुंबईतल्या मोठ्या दुकानांच्या काचेमागची वस्तू होती.

याला इतिहास आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. 'नाताळ' हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांकडूनच मिळाला. आमचा समाज ज्या काळात घडला त्या काळात खुद्द पोर्तुगालमध्ये हे झाड नव्हते. तिथे ते एकोणिसाव्या शतकात राणी दुसरी मारिया यांचे जर्मन पती फर्डिनांड यांच्यामुळे राजवाड्यात आले, आणि हे फर्डिनांड म्हणजे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचे चुलतभाऊ. कॅथलिक परंपरेत मान गोठ्याला होता. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हापासूनची ती वाट आहे. झाड हे जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांचे चिन्ह मानले जाई. व्हॅटिकनच्या संत पीटर चौकात पहिले झाड उभे राहिले ते १९८२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कारकिर्दीत.

म्हणून दप्तरदार यांना माझा प्रश्न असा आहे : झाड ख्रिस्ती कथेच्या आतून वाढले असेल, तर निम्म्याहून अधिक ख्रिस्ती जगाला ते तीनशे वर्षे का लागले नाही?

उपप्रतिसाद : दप्तरदार

प्रश्न रास्त आहे. झाडाची चिन्हे ख्रिस्ती असली तरी त्याचा प्रसार चर्चने केला नाही, असे माझे उत्तर आहे. चर्च तर अनेकदा नाराज होते. स्ट्रासबुर्गचे धर्मपंडित योहान कोनराड डानहाउअर यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास या प्रथेवर कोरडे ओढले. देवाच्या वचनाऐवजी लोक ज्या क्षुल्लक गोष्टींत रमतात त्यांत त्यांनी बाहुल्या आणि मिठाई टांगलेले हे झाड मोजले, आणि ही प्रथा कोठून आली हे मला ठाऊक नाही असेही लिहिले. कारागीर संघ, नगरसभा, श्रीमंत घरे असा झाडाचा प्रवास झाला, वेदीपासून झालाच नाही.

उपप्रतिसाद : सदाहरित

डानहाउअर यांची ही साक्ष मला फार मोलाची वाटते. स्ट्रासबुर्गमध्येच राहणारा, धर्मशास्त्र शिकवणारा माणूस, ज्याला नंदनवनाची नाटके आणि आदाम-हव्वेचा दिवस नक्की माहीत होता, तोच लिहितो की हे झाड कोठून आले ते कळत नाही. नाटकातून ते आले असते तर सर्वांत आधी त्यालाच कळले असते.

प्रतिसाद : नेकारकाठ

गेली अकरा वर्षे मी दक्षिण जर्मनीत राहतो आणि दर डिसेंबरात हे झाड चौकाचौकांत विकले जाताना पाहतो, म्हणून थोडे लिहावेसे वाटले. उगमाच्या वादात मी पडत नाही. मला वाटते की धाग्यातला खरा प्रश्न लोकप्रियतेचा आहे, आणि मूळ लेखात तो एका वाक्यात आटोपला आहे. १६०५ पासून १८०० पर्यंत हे झाड काही प्रदेशांतच अडकून पडले होते, आणि पुढच्या शंभर वर्षांत ते जगभर गेले. हे कशामुळे झाले?

नेहमीचे उत्तर व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट हे असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. इंग्लंडच्या राजवाड्यात झाड त्यांच्या आधीच होते. तिसऱ्या जॉर्ज राजांच्या जर्मन राणी शार्लट यांनी १८०० मध्ये विंडसरला मुलांच्या मेळाव्यासाठी झाड उभे केले होते, आणि व्हिक्टोरिया यांनी राजकन्या असताना १८३२ च्या दैनंदिनीत दिव्यांनी व साखरेच्या दागिन्यांनी सजलेल्या झाडांचे वर्णन केले आहे. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षे झाड राजवाड्यात होते आणि जनतेत गेले नाही. फरक पडला तो डिसेंबर १८४८ मध्ये, जेव्हा लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राजकुटुंब झाडाभोवती उभे असलेले चित्र छापले. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या महिलांच्या एका मासिकाने तेच चित्र थोडे बदलून छापले : राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढला आणि अल्बर्ट यांच्या मिशा पुसल्या. राजकुटुंब नाहीसे झाले आणि कोणतेही सुखवस्तू कुटुंब उरले. माझ्या मते या चित्राच्या यशाचे मर्म त्या पुसलेल्या मिशांत आहे, कारण त्यामुळे वाचणाऱ्या बाईला ते आपल्याच घराचे चित्र वाटू शकले. अर्थात अमेरिकेत झाड आधी पोहोचलेले होते. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर येथील एका दैनंदिनीत १८२१ च्या डिसेंबरात झाडे आणायला गेल्याची नोंद आहे, आणि तो जर्मन स्थलांतरितांचा मुलूख होता.

चित्राच्याही खाली एक थर आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पूर्वी मुलांना भेटी मिळत त्या संत निकोलस यांच्या दिवशी, ६ डिसेंबरला. संतांची उपासना नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट घरांनी ही भेट नाताळच्या संध्याकाळकडे नेली. मग भेटी ठेवायच्या कोठे? लहानसहान भेटी झाडाच्या फांद्यांना बांधता येत, मोठ्या खाली ठेवता येत. ज्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबाला घर ही बाहेरच्या जगापासून निराळी, मुलांभोवती फिरणारी जागा वाटू लागली, त्याच काळात झाड त्या घराच्या मध्यभागी आले. बंद दार, आत मेणबत्त्या लावणारे आईवडील, बाहेर थांबलेली मुले, आणि घंटा वाजल्यावर उघडणारे दार : जर्मनीत आजही वृद्ध लोक नाताळ आठवतात तो असा.

मेणबत्त्यांविषयीही सांगायला हवे, कारण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती महाग होती, चरबीची धुराने आणि वासाने नकोशी होई. मेणबत्त्या लावलेले झाड म्हणून ते दरबारी आणि धनिकांच्या घरांपुरते राहिले. १८२० च्या दशकानंतर स्टिअरिनच्या (शुद्ध केलेल्या चरबीच्या) आणि १८५० च्या दशकानंतर पॅराफिनच्या (खनिज मेणाच्या) मेणबत्त्या निघाल्या, तेव्हा शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरातही वीस-तीस ज्योती परवडू लागल्या. त्याच सुमारास आगगाडीने जंगलातली झाडे मोठ्या शहरांत आणता येऊ लागली. झाडांची तोड इतकी वाढली की जर्मनीत रंगवलेल्या हंसपिसांची कृत्रिम झाडे निघाली. प्लॅस्टिकच्या झाडाला नाके मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे की कृत्रिम झाडाचा जन्मही जर्मनीतच आणि जंगल वाचवण्याच्या चिंतेतून झाला.

प्रतिसाद : ताळेबंद

नेकारकाठ यांनी कुटुंबाचे सुंदर चित्र उभे केले आहे, पण त्या चित्राची चौकट कोणी विकली हे त्यांनी सांगितले नाही. माझे मत स्पष्ट आहे : हे झाड बाजाराने जगभर नेले. थुरिंगियातल्या लाउशा गावात काच फुंकणाऱ्या कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सफरचंदे-अक्रोडांच्या जागी काचेचे गोळे बनवायला सुरुवात केली. घरातले पुरुष काच फुंकत, बायका-मुले आतून चांदीचा मुलामा देत व रंगवत, आणि माल व्यापाऱ्याकडे जाई. १८८० च्या दशकापासून एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांनी हे गोळे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकले. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लावले, आणि त्याची बातमी व्हावी अशी व्यवस्थाही केली, कारण विजेचे दिवे हा त्यांचा धंदा होता.

आज आपल्या शहरांतल्या मॉलमध्ये जे झाड उभे राहते ते सेलेस्टाहून आलेले नाही आणि नंदनवनातूनही आलेले नाही. वर्षअखेरीची खरेदी चालू झाल्याची ती खूण आहे. रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे कुंडीतले रोप मिळते ते तर बहुधा अरौकेरिया असते, दक्षिण गोलार्धातले, फरशी केवळ आकाराचे साम्य असलेले. उगमाचा वाद मला म्हणून निष्फळ वाटतो.

उपप्रतिसाद : नेकारकाठ

बाजाराचा वाटा मी नाकारत नाही. पण केवळ बाजाराने नेलेली वस्तू बाजार उठला की नाहीशी होते, आणि हे झाड जिथे विकत घ्यायला दुकान नव्हते तिथेही उभे राहिले आहे. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात जर्मन छावण्यांत आणि इस्पितळांत झाडे लावली गेली, आणि ज्या प्रदेशांतल्या सैनिकांच्या घरी ही प्रथा नव्हती ते ती घरी घेऊन गेले. जर्मनीतला कॅथलिक दक्षिण भाग आणि प्रोटेस्टंट उत्तर भाग एका झाडाखाली यायला या युद्धाने मोठा हातभार लावला. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर जर्मन सैनिकांनी खंदकांच्या काठावर मेणबत्त्या लावलेली छोटी झाडे ठेवली आणि समोरच्या खंदकातल्या इंग्रज सैनिकांना ती दिसली. तिथे कोणतेही दुकान नव्हते.

आणखी एक उदाहरण सोव्हिएत संघाचे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे धर्मविरोधी मोहिमेत झाड हद्दपार झाले. २८ डिसेंबर १९३५ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रात पावेल पोस्तिशेव या नेत्याचे पत्र आले की मुलांना नववर्षाचे झाड मिळायला हवे, आणि काही दिवसांतच झाडे परतली. येशू नाही, नाताळ नाही, भांडवलशाही बाजारही नाही, तरी झाड आहे आणि मुले आहेत. हे कसे समजावून सांगाल?

उपप्रतिसाद : ताळेबंद

सोव्हिएत उदाहरणाला माझ्याकडे बाजाराच्या भाषेत उत्तर नाही. तिथे शासनाने झाड परत आणले हे खरे, परंतु शासनाला ते आणावेसे वाटले याचे कारण लोक ते विसरले नव्हते, एवढे मान्य करावे लागते. बाजार हे मुख्य कारण आहे हे मत मी मागे घेत नाही. ते एकमेव कारण आहे असे मात्र म्हणणार नाही.

प्रतिसाद : अंगणवड

सदाहरित यांच्या मुद्द्याला जोड देतो. आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात, तुळशीचे लग्न लावतात, दसऱ्याला आपट्याची पाने देतात. वृक्षपूजा ही मानवाची मूळ वृत्तीच आहे आणि ख्रिसमसचे झाड हे तिचेच युरोपीय रूप आहे.

उपप्रतिसाद : सदाहरित

पाठिंब्याबद्दल आभार, तरी येथे मी आपल्याशी सहमत नाही. वडाची आपण पूजा करतो, तो तोडत नाही. ख्रिसमसचे झाड तोडून आणतात, त्याची पूजा कोणी करत नाही, आणि तीन राजांचा सण (६ जानेवारी) झाला की ते घराबाहेर जाते. झाडाविषयी आस्था सर्वत्र असेल, पण दोन कृतींचा अर्थ उलटा आहे. माझा दावा ऱ्हाइनकाठच्या हिवाळी डहाळ्यांपुरताच आहे, आणि तो मी तेवढाच ठेवू इच्छितो.

प्रतिसाद : दप्तरदार

चर्चेनंतर माझ्या मूळ लेखात मी दोन बदल करू इच्छितो. सोळाव्या शतकातल्या शहरांनी झाडाची 'निर्मिती' केली असे मी लिहिले होते. 'मायेन' हा शब्द आणि ब्रान्ट यांच्या ओळी पाहता, हिवाळ्यात हिरव्या डहाळ्या घरात आणण्याची त्या प्रदेशातली आधीची सवय आणि नंदनवनाच्या झाडाची सफरचंदे या दोहोंची तिथे गाठ पडली, असे लिहिणे अधिक बरोबर होईल. ही सवय किती जुनी होती याबद्दल मी ब्रान्ट यांच्यामागे जायला तयार नाही. सॅटर्नेलिया आणि यूल यांच्यापर्यंत तर नाहीच. दुसरे, 'ख्रिस्ती' या शब्दाच्या जागी मी 'जर्मन प्रोटेस्टंट' हे शब्द घालतो, निदान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. तो बदल वसईची लेक यांच्यामुळे झाला.

सदाहरित यांनी डानहाउअर यांच्या अज्ञानाचा जो अर्थ लावला त्यावर मी अजून विचार करतो आहे. धर्मसुधारणेनंतर स्ट्रासबुर्गमध्ये जुनी धार्मिक नाटके मागे पडली होती, म्हणून शंभर वर्षांनंतरच्या पंडिताला तो संबंध ठाऊक नसणे शक्य आहे असे मला वाटते, परंतु हा माझा तर्क आहे आणि मी तो पुरावा म्हणून पुढे करत नाही.

उपप्रतिसाद : सदाहरित

बदल मान्य आहे. ब्रान्ट यांच्या ओळीतली समजूत १४९४ मध्ये उपहास करण्याइतकी रूढ होती, म्हणून ती किमान काही पिढ्या जुनी असणार, एवढे मी अजूनही म्हणतो.

प्रतिसाद : नेकारकाठ

वसईची लेक यांना विचारावेसे वाटते. इकडे आता बहुतेक कॅथलिक घरांत गोठा झाडाच्याच खाली मांडतात, दोन परंपरांचे भांडण असे मिटले आहे. तुमच्याकडे झाड आल्यावर गोठ्याचे काय झाले?

उपप्रतिसाद : वसईची लेक

गोठा गेला नाही. गावोगावी गोठ्यांच्या स्पर्धा होतात आणि तरुण मुले त्यासाठी रात्री जागतात. झाड आमच्या घरी मी शाळेत असताना आले. बाबांनी किनाऱ्यावरून सुरूची मोठी फांदी आणून वाळू भरलेल्या डब्यात रोवली होती, आणि चार दिवसांत तिच्या काड्या गळून फरशीभर झाल्या होत्या. त्यापुढच्या वर्षी घडीचे झाड विकत आणले आणि तेच अजून वापरतो. पण तुमच्या तिकडच्यासारखे गोठा झाडाखाली मांडणे आजीने होऊ दिले नाही. गोठ्याला पेंढा लागतो, माती लागते, अंकुरांना पाणी घालावे लागते, शेजारची मुले येऊन पाहणार असतात. म्हणून आमचा गोठा आजही पडवीत असतो आणि झाड आतल्या खोलीत, दूरदर्शन संचाच्या शेजारी.